तहसीलदार हरला

भात कापून झालं आणि थंडी पडली की आमच्याकडच्या वर्तमानपत्रांत एक बातमी ठरलेली असते. 'कोंबडा बाजारावर धाड'. गावाचं नाव बदलतं, आकडे बदलतात, बाकी मजकूर तोच. इतके जण ताब्यात, इतक्या मोटारसायकली, इतकी रोकड, इतके कोंबडे आणि इतक्या काती जप्त. परवा पुण्याच्या भाचीला फोनवर अशीच एक बातमी वाचून दाखवली तर तिने विचारलं, "मामा, काती म्हणजे काय?" म्हटलं, हे सावकाश लिहूनच काढू. बाकीच्या भाचेमंडळींनाही उपयोगी पडेल.

काती म्हणजे बोटाएवढं लोखंडी पातं. वस्तऱ्यासारखी धार लावलेलं. ते कोंबड्याच्या पायाला दोऱ्याने घट्ट बांधतात. कोंबडा निसर्गतः पायाने मारतो, चोच नुसती धरायला. तेव्हा पायाला पातं बांधलं की जी भांडणं एरवी पिसं उपटण्यावर भागली असती ती रक्तावर जातात. दोन्ही धनी आपापले कोंबडे समोरासमोर धरतात, एकमेकांना चोची मारू देतात, मानेची पिसं छत्रीसारखी उभी राहिली की सोडतात. पुष्कळदा चहाला उकळी फुटायच्या आत सगळं संपतं. हरलेला कोंबडा, जिवंत असो की मेलेला, जिंकणाऱ्याचा. तो त्याच संध्याकाळी चुलीवर चढतो. जिंकलेल्याची जखम सुईदोऱ्याने शिवतात आणि वर हळद दाबतात.

क्रूर आहे का? आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने हा गुन्हा आहे, आणि पैसा लागतो म्हणून १८८७ च्या जुगाराच्या कायद्यानेही. शिवाय गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी. म्हणजे बाजाराच्या कडेला मोहाची दारू घेऊन बसलेली म्हातारी धरली तर एकाच झाडाखाली तीन कायदे मोडले जातात! आमच्या शंकरपटावर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी आणली होती, ती डिसेंबर २०२१ मध्ये उठली आणि २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठानेही राज्याचा कायदा मान्य केला. बैल सुटले. कोंबड्याला मात्र कोणी वकील दिला नाही, आणि देऊही नये असं माझं मत आहे.

पण खेळ जुना, एवढं कबूल केलं पाहिजे. आमच्या संस्कृतच्या सरांनी वर्गात सांगितलेलं अजून आठवतं, की फाशांवरच्या जुगाराला मनुस्मृती 'द्यूत' म्हणते आणि जिवंत प्राण्यांवर लावलेल्या पैजेला 'समाह्वय' असा वेगळा शब्द देते. (राजाने दोन्ही बंद करावीत असंही तीच सांगते.) कामसूत्रातल्या चौसष्ट कलांच्या यादीत मेंढे, कोंबडे आणि लावे झुंजवणं ही एक कला आहे. दंडीच्या दशकुमारचरितात तर कोंबड्यांच्या झुंजीचा एक प्रसंगच आहे, त्यात दोन जातींची नावंही येतात. तेव्हा हा काही फक्त आमच्या जंगलातला रानटीपणा नाही. असो.

मला लिहायचं आहे ते एका माणसाबद्दल. सारं गाव त्याला मामा म्हणायचं, मीही म्हणायचो, इथेही तेवढंच नाव पुरे.

१९७८ साली माझी बदली धानोऱ्याच्या बाजूच्या एका गावी झाली. तेव्हा तो चंद्रपूर जिल्हा होता. २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली वेगळा जिल्हा झाला आणि मी एका रात्रीत, खोली न बदलता, दुसऱ्या जिल्ह्यात गेलो. दोन शिक्षकी शाळा, कौलारू खोली, मागे मोहाची झाडं. आठवडी बाजाराच्या दिवशी हजेरी निम्म्यावर यायची, आणि हिवाळ्यात दुपारनंतर पाव. मोठी पोरं बाजारामागच्या जंगलात कोंबडे बघायला पळायची. त्यांना शोधायला म्हणून मी प्रथम तिथे गेलो, आणि मग, खरं सांगतो, नुसताही जाऊ लागलो. पैसा कधी लावला नाही. पाहिलं मात्र.

पण मामाची आणि माझी ओळख रिंगणात झाली नाही. ती झाली माझ्या घड्याळामुळे.

मामा तरुणपणी आलापल्लीच्या सागवान डेपोत लाकडं चढवायच्या कामावर होता. तिथून पुढे सिरोंच्याकडे गेला, नदीपलीकडच्या तेलुगू मजुरांत राहिला आणि कोंबड्यांचं एक शास्त्र शिकून आला. हे शास्त्र तिकडे खरोखर आहे, कुक्कुटशास्त्र म्हणतात. संक्रांतीच्या झुंजींना आंध्रात लोक ते उघडून बसतात. कोंबड्याच्या रंगावरून त्याची जात ठरते. काळा तो काकी, तांबडा तो डेगा, पांढरा सेतुवा, पिवळसर पिसांचा नेमली. कोणत्या वाराला, कोणत्या वेळेला कोणता रंग कोणावर भारी, याचे आडाखे असतात. मामाला लिहिता-वाचता येत नव्हतं. सगळं तोंडपाठ, आणि माझा संशय असा की निम्मं पाठांतर रस्त्यात कुठेतरी सांडलेलं. पण वेळ पाहायची म्हणजे घड्याळ हवं, आणि गावात घड्याळ दोन. एक ग्रामसेवकाचं, ते बंद. दुसरं माझं एचएमटी.

म्हणून बाजाराच्या दिवशी मामा कोंबडा बगलेत घेऊन शाळेच्या दारात हजर. वर्ग चालू असला तरी. "गुर्जी, किती वाजले?" मी सांगायचो. तो बोटांवर काहीतरी मोजायचा, समाधानाने मान हलवायचा आणि जायचा. संध्याकाळी परत त्याच वाटेने, मेलेला कोंबडा हातात. थांबून म्हणायचा, "गुर्जी, तुमची घडी मांगं हाय."

आता मी ते घड्याळ रोज सकाळी आकाशवाणीच्या बातम्यांच्या ठोक्यावर लावत असे. पण बोलायचं कुणाशी!

आठ वर्षं मी त्या गावी होतो. माझ्या दैनंदिनीत, पाठाच्या टाचणांच्या मागच्या पानांवर, मामाच्या मी स्वतः पाहिलेल्या १९ झुंजींची नोंद आहे. १९ वेळा हार. न पाहिलेल्या किती, ते गावाला माहीत.

हरण्याची कारणं शोधायला शास्त्र नको होतं. बाकीचे लोक कोंबडा विकत आणत, उंच, भक्कम, असील जातीचा, लांब मानेचा. मामा झुंजवायचा तो घरच्या अंड्यातून निघालेला साधा गावरान पक्षी. जोड लावताना दोन्ही कोंबडे हातावर तोलतात, उंची बघतात, बरोबरीचा वाटला तरच झुंज ठरते. मामा तोलायचा नाही. रंग बघायचा, वेळ आठवायचा आणि "हाव, लावा" म्हणायचा. काती बांधणारा एक जाणता माणूस असतो, पात्याचा कोन किती हे त्याच्या बोटांत असतं. तोसुद्धा मामाच्या कोंबड्याला बांधताना आधी मामाकडे बघायचा, मग कोंबड्याकडे, आणि जीभ चुकचुकायचा.

आणि नावं! मामा प्रत्येक कोंबड्याला नाव द्यायचा, आणि नावं सगळी सरकारी. तहसीलदार, फारेस्टर, तलाठी, बीडीओ. एकदा 'इन्स्पेक्टरसाहेब' होता, तो आमच्या शाळा तपासणीच्या आठवड्यात मेला. जंगलात राहणाऱ्या माणसाचा या मंडळींशी कसा संबंध येतो हे ज्यांना माहीत आहे त्यांना या नावांतली गंमत सांगायला नको. झुंज सुरू झाली की गोलातून आरोळी उठायची, "मार तहसीलदाराले!" आणि दोन-तीनशे माणसं पोट धरून हसायची. मामा हसत नसे. त्याला आपला तहसीलदार खरोखर जिंकायला हवा असायचा. मला कायम वाटायचं की तो चेष्टेने ही नावं ठेवत नाही. त्याच्या ओळखीत त्याहून ताकदवान कोणी नव्हतंच, मग कोंबड्याला दुसरं कोणतं नाव देणार?

हरल्यावर तो आणखी एक वेडेपणा करायचा. रीतीप्रमाणे मेलेला कोंबडा जिंकणाऱ्याचा झाला, तर मामा तो बाजारभावाने परत विकत घ्यायचा. पैज दहा रुपयांची, त्यावर कोंबड्याची किंमत. म्हणजे एका झुंजीत दोनदा हरायचा! मग तो कोंबडा घरी नेऊन खाईल म्हणावं, तर तेही नाही. शेताच्या बांधावर मोहाखाली खड्डा करून पुरायचा. आमच्याकडे कोंबडा म्हणजे देवाला द्यायचा किंवा पाहुण्याला, पुरायचा कोणी नाही. लोकांना हे फार लागायचं, झुंजीपेक्षाही. एकाने माझ्यासमोर त्याला विचारलं, की मामा, काहून मातीत घालतेस, पोराबाळायच्या तोंडात तरी पडू दे. मामा म्हणाला, "तहसीलदाराले कसा खाऊ?"

हे वाचून तुम्ही हसलात ना? मीही हसलो होतो. पण एक दिवस मामी शाळेत आली.

मामीला मी तोवर अंडी विकताना पाहिलं होतं. ती म्हणाली, गुर्जी, याच्या कोंबड्यायचा हिशेब पाटीवर लिहून द्या. कोंबड्या तिच्या होत्या. रवण बसवायची ती, पिल्लं घारीपासून राखायची ती, कण्या टाकायची ती, आणि चांगला तुरा आलेला नर तेवढा मामा उचलायचा. तिला वर्षभरातले सगळे कोंबडे ओळीने आठवत होते, नावांनी नव्हे, रंगांनी आणि कोणत्या कोंबडीचे त्यावरून. मी लिहीत गेलो. कोंबडा विकला असता तर इतके. पैजेचे इतके. परत घेतल्याचे इतके. बेरीज झाली. ती काही राजवाडा बांधण्याजोगी नव्हती, पण तेंदूपानाच्या हंगामात नवराबायकोंनी जे कमावलं त्याचा मोठा लचका होता. त्यांची मुलगी माझ्याकडे चौथीत होती. पाढ्यांना पक्की. पुढचं शिक्षण म्हणजे दूरच्या गावी राहणं आलं, कपडे, चप्पल, पेटी आली. मामीच्या डोक्यात ती पेटी होती.

मी मामाला बोलावून पाटी वाचून दाखवली. त्याने शांतपणे ऐकलं. एके ठिकाणी मला थांबवून म्हणाला, त्या येळी फारेस्टर नवता, तलाठी होता. मी दुरुस्ती केली. शेवटी म्हणाला, "बेरीज बराबर हाय." आणि उठता उठता, "गुर्जी, किती वाजले?"

मुलगी पाचवीला आश्रमशाळेत गेली, पण ती मामीने शेळी विकली म्हणून. हे मी मुद्दाम सांगतो. मामाचं कौतुक करायला बसलं की मामीची शेळी दिसेनाशी होते.

मग तो सोडत का नव्हता? पुष्कळ दिवस मला वाटायचं, जुगाऱ्याची आशा, दुसरं काय. पण जुगारी पैज वाढवत नेतो. मामाची पैज आठ वर्षं दहाच रुपये. हळूहळू ध्यानात आलं की बाजारात त्याची एक जागा होती. दिवसाची पहिली झुंज मामाची. बोहणी म्हणा ना. त्याला हरवून ज्याने सुरुवात केली त्याचा दिवस चांगला जातो असा समज पडला होता, त्यामुळे त्याच्याशी जोड लावायला चार गावची माणसं भांडायची. मामा उशिरा आला तर बाजार खोळंबायचा. एरवी ज्याच्यासाठी तलाठीसुद्धा पान थुंकायला थांबत नसे, त्याच्यासाठी तीनशे माणसं उन्हात वाट बघत उभी. हे त्याला कळत होतं का? मला वाटतं, चांगलं कळत होतं.

भाचीला हे सांगितलं तेव्हा तिने मला एका अमेरिकन अभ्यासकाचा लेख समजावून सांगितला. क्लिफर्ड गीर्ट्झ त्याचं नाव. तो १९५८ साली बायकोसह बाली बेटावरच्या एका खेड्यात राहायला गेला. गावात कोणी त्यांच्याकडे बघेना, जणू ती दोघं नाहीतच. दहाएक दिवसांनी चौकात कोंबड्यांची झुंज लागली (आणि कशासाठी, तर नव्या शाळेसाठी पैसा उभारायला! आमच्या जिल्हा परिषदेने कधी हा मार्ग सुचवला नाही). पोलिसांची गाडी आली, लोक पळाले, हे दोघेही पळाले, आणि एका अनोळखी घरात घुसून चहा पीत बसल्याचं सोंग केलं. दुसऱ्या दिवसापासून सारं गाव त्यांचं झालं. त्याने पुढे लिहिलं की तिथे मोठ्या झुंजीत पैशापेक्षा माणसाची पत पणाला लागलेली असते. हे १९७२ साली छापून आलं आणि जगभर गाजलं म्हणे. आमच्या गावातल्या कोणालाही विचारलं असतं तर त्याने फुकट सांगितलं असतं.

दुसरी गोष्ट नातवाने सांगितली. इंग्लंडात बर्मिंगहॅमला पीटर बकली नावाचा मुष्टियोद्धा होता. १९८९ ते २००८ या काळात ३०० लढती खेळला, त्यांतल्या २५६ हरला. एकदा तर लागोपाठ ८८ लढतींत त्याला विजय नाही. तरी आयोजक त्याला सतत बोलवायचे, कारण नव्या पोरांना शिकायला समोर असा माणूस लागतो, जो येतो, उभा राहतो, नीट लढतो आणि दुसऱ्या आठवड्यात पुन्हा येतो. शेवटची लढत मात्र तो जिंकला. नातू म्हणाला, आजोबा, हा तुमचा मामाच की! मी म्हटलं, नाही रे. बकलीला प्रत्येक लढतीचे पैसे मिळायचे, आणि मार त्याचा तो खायचा. आपल्या मामाने स्वतः कधी मार खाल्ला नाही. मेले ते तहसीलदार आणि फारेस्टर. त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

धाडीची एक गोष्ट गावात रंगवून सांगतात. मी त्या दिवशी केंद्रावर मीटिंगला होतो, त्यामुळे खरीखोटी तुम्ही ठरवा. पोलीस आले, माणसं जंगलात पांगली, मामा मात्र रिंगणात मेलेल्या कोंबड्याजवळ बसून राहिला. जमादाराने दरडावून विचारलं, नाव काय? मामाला वाटलं कोंबड्याचं विचारतात. "तहसीलदार," तो म्हणाला. जमादाराने लिहूनही घेतलं म्हणे. दंड झाला, तो भरायला गावाने वर्गणी काढली. वर्गणी काढली हे मात्र खरं, कारण त्यात माझेही दोन रुपये होते.

१९८६ ला माझी बदली झाली. पुढे कधीमधी त्या बाजूला जाणं व्हायचं, तेव्हा मामा भेटायचा. दरम्यान बाजार बदलत गेला. बाहेरची माणसं आली, आधी जीपने, मग मोटारसायकलींनी. विकत आणलेले, बदाम खाऊन वाढवलेले कोंबडे आले. पैजा शंभरांवरून हजारांवर गेल्या. भुताखेतासारखी जागा बदलायची, निरोप गुप्तपणे फिरायचे. तिथे दहा रुपयेवाल्याला कोण उभं करणार? मामा कोंबडा घेऊन जायचा आणि गोलाच्या बाहेर उभा राहायचा. "गुर्जी, आता जोडच नाई देत," तो मला एकदा म्हणाला. १९ वेळा हरलेला मी पाहिला होता हा माणूस, पण त्याचा चेहरा पडलेला मी प्रथम त्या दिवशी पाहिला. बगलेतला कोंबडा जुना होता, पायाच्या नख्या वाढून वळलेल्या. कोंबडा इतका म्हातारा होईपर्यंत मामाच्या हाती कधी राहिलाच नव्हता. मी नाव विचारलं. म्हणाला, याले नाव नाई ठेवलं.

मामीच्या मनासारखं झालं, असं म्हणता येईल. कोंबडे आता विकले जात होते. मुलगी शिकून अंगणवाडीत लागली होती.

मामा गेल्याचं मला वर्षभराने कळलं. निवृत्तीनंतर एका लग्नाला त्या गावी गेलो तेव्हा घरी जाऊन आलो. मामी ओसरीवर बसली होती. मुलीचं, नातवंडांचं बोलणं झालं. मामाबद्दल ती फारसं बोलली नाही. बांधावरच्या मोहाला औंदा फुलं चांगली आली एवढं सांगितलं. मी निघायला उठलो, सवयीने मनगटाकडे पाहिलं, तेव्हा तिने विचारलं,

"गुर्जी, तुमची घडी खरंच मांगं होती का?"

मी म्हटलं, "हो. पाच मिनिटं मागे होती."

"तरीच," ती म्हणाली, आणि कोंबड्यांना कण्या टाकायला उठली.